डबा तापतोय तोवर

दि. ९, मंगळवार
सकाळचे साडेदहा

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद.

तुझे डोळे कसे आहेत ते आधी सांग. तोंडासमोर काच न धरता नुसते डोळे बारीक करून वेल्डिंगचा टाका मारायची तुझी खोड गेली की नाही? वहिनीचा गुडघा कसा आहे? मागे फोनवर म्हणत होती, जिना उतरताना कट्कन वाजतो. तिला म्हणावं, चढताना वाजला तर काळजी कर, उतरताना सगळ्यांचेच वाजतात. छकुलीला सकाळी उठल्या उठल्या शिंका यायच्या, त्या थांबल्या का? आणि आता तिला छकुली म्हटलेलं चालतं की नाक मुरडते? आत्या गोळ्या वेळेवर घेते की अजून उशीखाली सारते? तो तुमचा तीन पायांवर धावणारा कुत्रा, तो आहे ना?

मी बरी आहे. तुझे दाजीही बरे आहेत. निवृत्त झाल्यापासून घरातली घड्याळं उघडून बसतात, त्यामुळे आमच्या घरात सध्या तीन वेळा चालू आहेत. स्वयंपाकघरात सर्वात लवकर उजाडतं.

फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तुझे दोन 'बरं' ऐकू येतात आणि मग 'देतो हं तिच्याकडे'. आठ वर्षं माझ्या वाट्याला एवढंच आलंय. तक्रार करत नाही. तक्रार करायला मी कोण, ते पुढे येईलच.

मी आत्ता प्रयोगशाळेत बसले आहे आणि पुढ्यात डबा तापतो आहे. साहेब लोक चेंबर म्हणतात, आपण डबाच म्हणायचो, अजूनही म्हणतो. सकाळी आठला सुरू केला. सगळ्या अंगाला तापवायच्या पट्ट्या गुंडाळल्या, वरून चंदेरी कागद लपेटला. लांबून बघितलं तर कुणी थंडी वाजणारं माणूस पांघरूण घेऊन बसल्यासारखं दिसतं. तासाला वीस अंश, याहून घाई नाही. दीडशेवर नेऊन दोन दिवस तसाच ठेवायचा. आत काय आहे? काही नाही. काही नसावं म्हणूनच तर सगळा खटाटोप. स्टीलच्या भिंतीला न दिसणारी ओल चिकटून बसलेली असते, ती उष्णतेने सुटते आणि पंप तिला ओढून बाहेर टाकतो. तुझ्या दाजींना हे किती वर्षं समजावते आहे. आज सकाळी निघताना म्हणाले, "चालल्या बाईसाहेब रिकामा डबा भाजायला. करपवू नका म्हणजे झालं."

काम म्हणजे नुसतं बसणं. दर तासाला आकडे उतरवायचे, कुठल्या कोपऱ्यात किती तापमान, आत किती दाब. एक बाजू पुढे पळाली आणि दुसरी मागे राहिली तर फ्लँजमधल्या, म्हणजे झाकणाच्या कडांमधल्या, तांब्याच्या चकत्या सैल पडतात आणि मग आठवड्याचं काम पाण्यात. बसायचा मला कधी कंटाळा नाही. आज मात्र खुर्ची टोचते आहे. आतापर्यंत तीनदा उठले. एकदा पंपाला उगाच हात लावून आले. एकदा खिडकी उघडली आणि लगेच लावली, कारण वाऱ्याने त्या बाजूचं तापमान दोन अंश उतरलं.

नव्या बाईंचं तुला माहीत नसेल. जुने साहेब गेल्या वर्षी निवृत्त झाले, त्यांच्या जागी या आल्या. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, बोलायला फटकळ, पण हात काळे करायला मागेपुढे बघत नाहीत. पहिल्याच दिवशी मला विचारलं, "अक्का, तुम्ही इथे कुठल्या पदवीवर लागलात?" म्हटलं, "बादलीवर." हसल्या नाहीत. "म्हणजे?" मग सांगितलं. आले ती धुणारी म्हणून. काचेच्या नळ्या, धातूचे सुटे भाग. आधी साबण, मग पाणी, मग ॲसिटोन, मग अल्कोहोल. धुता धुता विचारायला लागले हे कशाला धुवायचं, आणि विचारता विचारता जोडायला लागले. कुणी शिकवलं नाही आणि कुणी नकोही म्हटलं नाही.

अकरा वाजले. आकडे घेऊन येते.

नव्वद अंश. दाब वर चढलाय, तो चढणारच. ओल सुटायला लागली की आधी चढतो, मग उतरतो.

बारक्या, मी इकडचं तिकडचं लिहिते आहे हे तुला कळत असेल. हा डबा तोच आहे. तुझा जोड असलेला. बाई हाक मारताहेत. उद्या लिहिते.

बुधवार, दुपार

काल ते एक वाक्य लिहिलं आणि कागद पिशवीत कोंबला. घरी गेल्यावर पिशवी दोनदा जागा बदलून ठेवली. दाजींनी विचारलं, त्यात काय आहे, मांजर?

नीट सांगते. डबा आठ वर्षं भांडारात होता, ताडपत्रीखाली. मानेला तारेने पाटी बांधलेली. 'बाजूच्या नळीच्या जोडात गळती. वापरू नये.' अक्षर माझं. तीन आठवड्यांपूर्वी बाई भांडारात हिंडत होत्या, त्यांना नव्या प्रयोगाला याच मापाचा डबा हवा होता. ताडपत्री उचलली, हातमोजा घालून जोडावरून बोट फिरवलं आणि तिथेच उकिडव्या बसून राहिल्या.

"अक्का, हा जोड कुणी केलाय?"

"माझ्या धाकट्या भावाने."

"आणि हा गळतो?"

"पाटीवर आहे तसं."

"पाटी मी वाचली. तुम्ही सांगा."

"आठ वर्षं झाली, बाई," मी म्हणाले. हे काही उत्तर नव्हे, हे मलाही कळत होतं.

त्यांनी डबा वर आणायला लावला. धुतला, जोडला, पंप लावला. मग हेलियम. तुला आठवत असेल. गळती शोधायचं मशीन डब्याला जोडायचं आणि बाहेरून एकेका सांध्यावर हेलियमची बारीक फुंकर मारायची. फट असली तर हेलियम आत शिरतो आणि मशीन किंचाळतं. हेलियम हलका, वर पळतो, म्हणून सुरुवात वरून करायची. नाहीतर खालची फुंकर वरच्या सांध्यात शिरते आणि आळ भलत्यावर येतो.

फुंकर बाई मारत होत्या, मी मशीनपाशी होते. वरचा फ्लँज, गप्प. खिडकीची काच, गप्प. तुझ्या जोडाशी आल्या तेव्हा मी मशीनच्या आणखी जवळ सरकले. मुंगीच्या चालीने त्यांनी पूर्ण गोल फिरवला. गप्प. परत फिरवला. मग जोडाभोवती प्लॅस्टिकची पिशवी बांधली, तिच्यात हेलियम भरला आणि अर्धा तास ठेवला. गप्प. मशीनच बिघडलं असेल म्हणून मुद्दाम केलेली एक बारीक गळती जोडून पाहिली, तर तिला ते क्षणात बोंबललं.

"अक्का, तेव्हा किती वाजलं होतं हे?"

"तेव्हाचं मशीन जुनं होतं."

"जुनी मशीनं जास्त वाजतात का?"

मी चहा आणायला गेले. चहा दोघींनाही नको होता.

मग गेल्या आठवड्यात डबा पहिल्यांदा तापवला. थंड झाल्यावर दाब सातवर येऊन बसला. आम्ही दाबाला नुसतं सात, आठ, नऊ म्हणतो. आकडा जितका मोठा तितकी आतली पोकळी चांगली. बाईंना नऊ हवं होतं. डबा सातवर, आठ वर्षांपूर्वी अडला होता तिथेच. बाहेरून कुठे फट नाही आणि आत हवा येतेच आहे.

तेव्हा बाईंनी एक युक्ती केली, ती मी कधी पाहिली नव्हती. डब्यात आर्गॉन वायू भरला, एक दिवस तसाच ठेवला आणि परत पंप लावला. आत कुठले वायू उरलेत ते पडद्यावर दाखवणारं यंत्र आता आमच्याकडे आहे. म्हणाल्या, "बाहेरून गळत असेल तर हवा दिसेल, कारण बाहेर हवाच आहे. आर्गॉन दिसत राहिला तर आतच कुठेतरी खिसा आहे. त्यात तो जाऊन बसलाय आणि थोडा थोडा बाहेर येतोय."

पडद्यावर आर्गॉनचा सुळका उभा राहिला. दोन तास झाले, चार झाले, हलेना.

"गळती नाहीच!" बाईंनी टाळी वाजवली. त्यांना एवढा आनंद झाला आणि मी पंपाकडे तोंड फिरवलं.

डबा उघडला. आत नमुना ठेवायचा पाट असतो, तो सहा स्क्रूंनी बसवलेला. स्क्रू बसतात ती भोकं आरपार नसतात, बुडाशी बंद. म्हणून स्क्रूच्या पोटातून बारीक छिद्र पाडतात, तळाशी अडकलेल्या हवेला बाहेर यायला वाट मिळावी म्हणून. तुलाच काय सांगते मी. ते सहाही तूच ड्रिलवर धरून पाडून दिले होतेस. बाईंनी चिमट्याने एकेक काढून पांढऱ्या कापडावर मांडला. चार छिद्रांचे. दोन भरीव.

"हे दोन कुणी लावले?"

मी म्हणाले, "जुनी गोष्ट आहे, बघावं लागेल."

बाई म्हणाल्या बरं. सहाही नवे छिद्रांचे लावले, डबा बंद केला, आणि काल परत तापवायला घेतला. इथवर आलो आपण.

काय बघावं लागणार होतं, बारक्या?

गुरुवार, सकाळ

आज घरून ठरवून आले आहे की वळसे घ्यायचे नाहीत.

ते दोन स्क्रू मी लावले.

त्या दिवशी सहाही धुऊन, वाळवून कापडात ठेवले होते. पाट बसवताना दोन हातातून निसटले आणि फरशीवर पडले. फरशीवर पडलेली वस्तू मी डब्यात घालत नाही, हे तुला ठाऊक आहे. इथे माझी सगळी अब्रू माझ्या स्वच्छतेवर उभी. ते परत धुवायचे, वाळवायचे म्हणजे अर्धा दिवस गेला असता आणि साहेब दुपारी पंप सुरू करायला येणार होते. शेजारच्या डबीत त्याच मापाचे धुतलेले भरीव स्क्रू होते, लखलखीत. त्यांतले दोन घेतले. मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं, बघा, घाईतही मी घाण आत जाऊ दिली नाही.

तू सांगितलं होतंस, "अक्का, छिद्राचेच लाव हं, साधे नकोत." मी म्हणाले होते, "छिद्राचा स्क्रू म्हणजे फाटका खिसा. काय करायचाय?" तू हसलास, मीही हसले. खरं सांगू? ते छिद्र कशासाठी ते मला माहीत नव्हतं, आणि धाकट्या भावाला विचारायची लाज वाटली. मला वाटलं वजन कमी करायला असेल.

मग दाब सातवर अडला. तीन दिवस मी हेलियमची नळी घेऊन डब्याभोवती फिरले. कुठेच वाजेना. साहेब रोज दारात येऊन उभे राहायचे. त्यांनी पूर्णपणे माझ्या हाती सोपवलेला तो पहिलाच डबा होता. चौथ्या दिवशी म्हणाले, "सापडत नसेल तर सांगा, शिकलेलं माणूस बोलावतो. तुम्ही तुमचं धुण्याचं बघा." रागाने नाही म्हणाले, सहज म्हणाले. ते सहजच लागलं. मी म्हणाले, "सापडतंय, साहेब."

बाकी सगळे सांधे कारखान्यातून आलेले. हाताने केलेला असा तुझा एकच जोड. मी नोंदवहीत लिहिलं, बाजूच्या नळीचा जोड, हेलियम लावल्यावर मशीन वाजलं.

वाजलं नव्हतं, बारक्या. एकदाही नाही.

मला वाटलं, फार तर तुला परत टाका मारायला लावतील. मी साहेबांना तसं सुचवलंही. ते म्हणाले, ज्याचा पहिला जोड गळतो त्याच्या दुसऱ्यावर मी वेळ घालवत नाही. तुझं काम मुदतीचं होतं, मुदत संपली, त्यांनी वाढवली नाही. मी तेव्हा बोलले असते तर वाढवली असती. मी शेजारच्या खोलीत फ्लँज धूत होते.

अजून एक आहे आणि ते लिहायला हात मागे सरतो.

तू गेल्यावर दोन वर्षांनी मी एक जुनं यंत्राचं पुस्तक चाळत होते. चित्रं बघत, शब्द लावत, माझी नेहमीची रीत. त्यात छिद्राच्या स्क्रूचं चित्र होतं आणि खाली दोन ओळी. त्या दोन ओळींनी मला सगळं कळलं. म्हणजे सहा वर्षं मला ठाऊक आहे. भांडाराची किल्ली माझ्याच कमरेला होती. डबा उघडून बघायला एक दुपार पुरली असती. मी ती ताडपत्री उचलली नाही. उलट दर वर्षी भांडार झाडताना तिच्या कडा नीट खोचून यायचे.

आता दीडशेवर चव्वेचाळीस तास झाले आहेत. दाब उतरतो आहे, पण तापलेला असताना खरं काही कळत नाही, थंड झाल्यावर कळेल. मन म्हणतं, तोवर थांब. नऊ आलं तर बाईंना सांग, भावाला लिही. पण नऊ आलं काय नि न आलं काय, मशीन तेव्हा वाजलं नव्हतं, त्यात काय फरक पडणार आहे? बाई वर आहेत. आत्ताच जाते. दहा मिनिटं थांबले तर काहीतरी काम आठवेल.

दुपारचे तीन

जाऊन आले.

बाई संगणकावर होत्या. "बसा की," म्हणाल्या.

"नको. बसले तर दुसरंच काही बोलत बसेन. ते भरीव स्क्रू मी लावले होते."

"अंदाज होता मला."

"आणि मशीन वाजलं नव्हतं."

आता त्यांनी मान वर केली. "मग ती नोंद?"

"मी रचली."

म्हणाल्या, "स्क्रूचं सोडा, स्क्रू माझ्याकडूनही चुकले असते. पण न आलेला आकडा तुम्ही लिहिलात, अक्का. मी इथे आल्यापासून तुमच्या वहीवर डोळे झाकून चालते आहे. आता मागच्या किती पानांवर चालू?"

"बाकीची खरी आहेत, बाई."

"हे मला कसं कळणार?"

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला उलट उत्तर तरी देता येतं.

त्यांनी तेव्हाची वही मागितली. मी आणली, पान मीच काढून दिलं. ते शोधावं लागलं नाही. म्हणाल्या, जुनी नोंद खोडायची नाही, तिच्याखाली आजच्या तारखेने जे खरं ते लिहा. लिहिलं. 'वरील नोंद खोटी आहे. जोडावर मशीन वाजले नव्हते. दोष आतल्या दोन भरीव स्क्रूंचा होता, ते मी बसवले. जोड करणाऱ्याचा काहीही दोष नाही.' खाली माझी सही. तिच्याखाली बाईंची. त्या पानाची छायाप्रत सोबत ठेवते आहे.

आजपासून वहीत मी एकटीने नोंद करायची नाही. शेजारी दुसऱ्याची सही लागेल. निवृत्तीला चौदा महिने उरलेत, तोवर हे असंच. या गडबडीत अकराच्या आकड्यांची वेळ टळून गेली होती. वहीत लिहिलं, अकरा वाजता नोंद घेतली नाही. विजेचं काम बघणारे गृहस्थ आले आणि शेजारी सही करून गेले. कशाला म्हणून विचारलं नाही. न विचारणाऱ्याला सगळं कळलेलं असतं.

संध्याकाळी पट्ट्यांचा ताप उतरवायला घेणार. तोही हळूहळूच.

शनिवार, दुपार

परवा रात्री जेवताना दाजींना सांगितलं. हातातला घास तसाच राहिला. म्हणाले, "मला वाटायचं, तुला त्याचा राग आहे. म्हणून मी त्याचं नाव काढत नव्हतो." आणि मग, "आपल्या लग्नात या पोराने सगळ्या पाहुण्यांच्या चपला सांभाळल्या होत्या गं." काल सकाळी माझ्याआधी उठून चहा केला. त्यात साखर विसरले, मी तसाच प्यायले.

काल दिवसभर डबा निवला. आज सकाळी पट्ट्या सोडल्या. बाई आणि मी मीटरसमोर उभ्या, मध्ये एक खुर्ची, बसलं कुणीच नाही. आधी सात. मग आठ. आठवर तो इतका वेळ रेंगाळला की मी मनातल्या मनात तुला सांगायची वाक्यं जुळवायला लागले. अकराच्या सुमाराला नऊ आलं आणि तिथेच राहिलं. बाई "चला" एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी हेलियमची नळी घेतली आणि तुझ्या जोडाभोवती आणखी एक फेरी मारली.

"आता कशाला, बाई?"

"बघावंसं वाटतं."

मशीन गप्प. तुझा जोड चांगला आहे. पहिल्या दिवसापासून चांगला होता.

त्यांना डब्याला आणखी एक नळी जोडून हवी आहे. तुमचा भाऊ हल्ली काय करतो, असं विचारत होत्या. मी म्हणाले, फाटकं करतो, खिडक्यांच्या जाळ्या करतो. "हा हात असून?" म्हणाल्या. मी खाली बघितलं. त्या तुला वेगळं पत्र लिहिणार आहेत, त्यात मी कुठे नाही. यायचं तर ये, नको वाटलं तर सरळ नाही म्हण. माझ्यासाठी येऊ नकोस आणि माझ्यामुळे टाळूही नकोस.

एक गोष्ट राहिली. चार दिवस तिच्या कडेकडेने लिहिते आहे.

हत्यारं गोळा करून निघालास त्या संध्याकाळी तू माझ्या दारात आला होतास. मला वाटलं, भांडायला आला. मी तयारीत होते, उत्तरं जुळवून ठेवली होती. तू उंबऱ्यातच उभा राहिलास आणि म्हणालास, "अक्का, तू मला इथे चिकटवलंस आणि मी तुझं नाव घालवलं. माफ कर." मशीन खरंच वाजलं का, परत लावून पाहिलंस का, एवढंसुद्धा तू विचारलं नाहीस. अक्काने लिहिलंय ना, मग वाजलंच असणार. आणि मी काय म्हणाले? "असू दे रे, होतं असं." वर तुझ्या खांद्यावर हात ठेवला. मोठ्या मनाची बहीण!

वहिनी म्हणते, तेव्हापासून तू बारीक कामाला हात लावत नाहीस, कुणी आणून दिलं तर परत पाठवतोस. मी तुमच्याकडे आले की दुकानात जाऊन बसतोस. तू लाजेने जातोस हे मला कळत होतं. खरं तर लाजेने तिथे जाऊन मी बसायला हवं होतं.

ते 'असू दे' मी परत घेते. तू मागितलेली माफी मी घ्यायला नको होती, ती माझी नव्हती. आता मी मागते आहे. दिलीच पाहिजेस असं नाही, मोठी म्हणून तर मुळीच नाही.

हे पत्र वहिनीला वाचून दाखव, छकुलीला आणि आत्यालाही. त्या घरात आठ वर्षं हेच चाललंय की तुझा हात चुकला. ते मीच त्या घरात धाडलं होतं, आता मीच काढायला हवं. तुझ्याने वाचवलं नाही तर वहिनीच्या हातात दे.

आणि उत्तर लवकर लिही, बारक्या. रागाने लिहिलंस तर रागाने, फक्त अक्षर नीट काढ, म्हणजे एकही शब्द माझ्या नजरेतून सुटायचा नाही. दोनच ओळी सुचल्या तर दोनच लिही. नुसतं 'वाचलं' लिहिलंस तरी चालेल. उद्या टपाल बंद, म्हणून हे आजच टाकते, परत वाचून बघत नाही. वाचलं तर यातलं काहीतरी गोड करून टाकीन.

तुझी चुकलेली,
अक्का